फ्रेमच्या भायेर

हसनभायला उघडी खिडकी दिसली का त्याचा जीव घाबरा व्हायचा. कोनाची का असंना. रस्त्यानं चाललाय आन् बिनपडद्याची खिडकी दिसली, का हा त्या घराचं दार ठोकनार. बाई भायेर आली का मान खाली घालून सांगनार, "बाय, तुमची खिडकी नंगी हाय." एकीनं त्याच्या अंगावर खरकटं पानी फेकलं. हा तसाच ओला बाजूच्या दारात गेला.

एकदा पोलीस चौकीत शिरला. म्हनला, "सायब, तुमच्या खिडकीतनं आतला मानूस समद्या रस्त्याला दिसतो." हवालदार म्हनला, "चाचा, तो चोर हाय." "चोर हाय, मंग? त्याला काय जत्रेत बसवलाय?" दुसऱ्या दिशी पडदा लावून आला. हवालदार मंग दुपारी त्याच पडद्याआड झोपायचा.

धामनकर नाक्याला त्याचं पडद्याचं दुकान. माझा नवरा आन् तो जवानीत एका कारखान्यात लूमवर व्हते, म्हनून मला वैनी म्हनायचा. त्याचं एकच बोलनं, "माझं माप चुकत न्हाय." पडद्याचंच न्हाय, समद्याचं. भात किती शिजवायचा, पाऊस किती पडंल, कोनाचा जावई कसा निघंल. नवरदेवाला लांबून बघायचा आन् सांगायचा, "आखूड पडंल हा."

सोताच्या पोरीलापन तेच सांगितलं. शमा त्याची एकुलती. बायको लवकर गेली, ह्यानंच वाढवली. शमानं लूम दुरुस्त करनारा एक जॉबर पसंत केला, मालेगावचा. हसनभाय म्हनला, "आखूड पडंल तुला. गेलीस तर माझ्या दारात येऊ नको." पोरगी गेली. बापाचीच लेक ती, बापाचा शब्द मापून घेतला तिनं. दारात आली न्हाय.

दुकानात पोपटाच्या छापाचा एक पिवळा कपडा व्हता. शमा ल्हान असताना बापाबरोबर माल आनाया गेली आन् त्या कपड्यासाठी जमिनीवर लोळली. ह्यानं अख्खा तागा घेतला. घरात पडदे पोपटाचे, गादीची खोळ पोपटाची, शमाचा फ्रॉक पोपटाचा. ती गेल्यावर उरलेला तुकडा ह्यानं फळीवर वर ठेवला. कोनी मागितला तर म्हनायचा, "तो विकायचा न्हाय. त्याला डाग हाय." डाग बिग काय नव्हता.

आता माझं सांगते. माझा नवरा गेला तवा पोरगा मांडीवर व्हता. लूमसाठी सुताच्या कांड्या भरून त्याला मोठा केला. त्याचं लगीन केलं, आन् तोपन गेला. मी आन् सून रेखा, दोघीच टेमघरच्या घरात. मंग त्या साली ते मोठं पानी आलं. नदी घरात शिरली, रस्त्याकडची भिंत घेऊन गेली. घर म्हंजे उघडी पेटी झाली. मी लुगडी बांधली भिंतीच्या जागी. वारा आला का लुगडं उडायचं, रेखा भाकरी थापताना समदी आळी बघायची. पोरगी उजाडायच्या आत आंघोळ उरकायची.

हसनभाय आला तो खांद्यावर जाड पडदा घेऊन. आत बघितलं न्हाय. घराकडं पाठ करून, हात मागं करून त्यानं पडदा बांधला. वाकडा बांधला. "वैनी," म्हनला, "भिंतीचं माप मला येत न्हाय. पन वारा अडंल."

त्या पडद्याआड आम्ही दोघींनी दोन पावसाळे काढले.

मंग ते टीवीवाले आले. गरिबाचं पडलेलं घर बांधून द्यायचं आन् ते टीवीत दाखवायचं, असा त्यांचा कार्यक्रम. मंडळाच्या पोरांनी माझं नाव पाठवलं व्हतं. मला वाटलं थट्टा हाय. पन खरंच विटा आल्या, गवंडी आले, दिव्याचे खांब आले. आन् एक चष्मेवाला सायब आला, कायम हातात बोंगा. जोतं उंच घेतलं, पुढं ओटा काढला, रस्त्याकडं मोठी खिडकी ठेवली. तिला लावाया मुंबईवरनं प्लास्टिकच्या पट्ट्या आनल्या.

हसनभायनं त्या पट्ट्या बघितल्या. दोरी ओढली, सोडली. "ही खिडकी हाय का कोंबड्यांचा खुराडा?"

सायब म्हनला, "चाचा, आप कौन?"

"मी पडदेवाला. ह्या घराला पडदा माझा लागंल. समद्या खिडक्यांना."

सायबाला त्याची दाढी आवडली का काय, हासला. "ठीक है. दुकान का नाम भी दिखा देंगे."

"नाव नको. पडदा दिसला पायजे." मंग जरा हळू इचारलं, "तुमचा टीवी मालेगावात दिसतो ना?"

सायब म्हनला, पूरे हिंदुस्तान में. हसनभायनं मान हलवली. मी तिथंच बसले व्हते, सुपात तांदूळ घेऊन. मला कळलं.

दुसऱ्या दिशी आतल्या खिडक्यांना त्यानं चांगले मरून रंगाचे पडदे लावले. आन् रस्त्याकडच्या खिडकीसाठी पिशवीतनं काढला तो पोपटाचा तुकडा. उरलेला समदा. एका खिडकीपुरताच व्हता, जास्त न्हाय.

"हसनभाय, ह्याला तर डाग हाय ना?" मी म्हनले.

"धुतला," म्हनला. माझ्याकडं बघितलं न्हाय.

सायबाला पडदा शिवताना, लावताना समदं दाखवायचं व्हतं. हसनभायला खिडकीत उभा केला. कपडा उंच धरलेला, ओठांत खिळे, कात्री उघडी, खालची किनार कापायची. समदे गप. कॅमेरा फिरला. सायबाचं मन भरलं आन् तो बोंग्यात वरडला, "कट!"

हसनभायनं कापला.

मधोमध. सर्रकन. कपडा दोन तुकडे झाला. एक हातात, एक खाली. पोपटांच्या माना बरोबर मधे आल्या व्हत्या. कापल्या जागी वर नुसत्या चोची, खाली नुसत्या शेपट्या.

"चाचा! ये क्या किया?"

"तुम्हीच वरडले ना कट! मी म्हनलं किनारीला सांगताय का मधे सांगताय, इचारू कसा, तोंडात खिळे!" आन् मंग त्याला कळलं आपन काय कापलं. खाली बसला. तो तुकडा मांडीवर घेतला, चोचीला शेपटी लावून बघाया लागला. एवढा मोठा मानूस. कोनी हासलं न्हाय.

सायब म्हनला, पट्ट्याच लावा, संध्याकाळी चावी द्यायची हाय.

मी उठले. म्हनले, "पट्ट्या नको. शेपट्या खाली लावा, चोची वर झालरीला लावा. मधे राहूंद्या मोकळं."

"वैनी, मोकळं?" हसनभाय दचकलाच. "नंगी दिसंल."

"जोतं उंच हाय. आम्ही खाली बसनाऱ्या बाया. रस्त्यावरच्याला आमचं छप्पर दिसंल, आम्ही न्हाय. आन् आम्हाला आभाळ दिसंल. दोन वर्सं पडद्यानं काळोखच बघितलाय."

रेखानं आन् मी तिथंच बसून टीप घातली. पडदा चढला. आता चावी द्यायचं चित्र घ्यायचं व्हतं. हसनभाय अजून खिडकीपाशीच, झालर सरळ करतोय. सायब वरडला, "चाचा, फ्रेम के बाहर जाओ!"

हसनभायच्या जल्मात फ्रेम म्हंजे खिडकीची चौकट. तो मुकाट दारातनं गेला, वळसा घालून ओट्यावर आला, आन् खिडकीच्या फ्रेमच्या भायेर जाऊन उभा ऱ्हायला.

मला सांगितलं, चावी घेताना रडा. मला न्हाय आलं. नवरा गेला तवा रडले न्हाय, पोरगा गेला तवा न्हाय, पानी आलं तवा न्हाय. घर भेटलं तर कशाला रडू? मी चावी घेतली आन् कुलूप लावून बघितलं, बरोबर लागतंय का. आळीतल्या पोरांनी ताशा वाजवला. रेखा मातर नाचली. मी तिला अडवलं न्हाय.

टीवीत आलं त्या दिशी समदी आळी माझ्या नव्या घरात बसली, दारापत्तुर. हसनभाय सगळ्यात मागं. माझं तोंड आलं, चावी आली. आन् माझ्या मागं खिडकीत, वर चोची, खाली शेपट्या, मधल्या मोकळ्या जागेत हसनभायचं अख्खं तोंड! ओठांत चार खिळे, डोळे मोठे करून झालर बघतोय. आळी हासून लोळली.

"मी तर फ्रेमच्या भायेर व्हतो!" तो वरडत व्हता. "सायबानं सांगितलं तिथंच व्हतो!"

त्याच्यानंतर थोड्या दिशी दुपारची मी तांदूळ निवडत बसले व्हते. ओट्यावर पावलं वाजली. वर बघितलं तर पोपटांच्या मधे एका बाईचं तोंड. वळखायला वेळ लागला न्हाय, नाक बापाचंच.

"काकी," म्हनली, "पोपट बघितले टीवीत. मंग मधे अब्बा दिसला. दाढी समदी पांढरी झाली गं."

"आत ये."

"आधी अब्बाला इचार. दारात येऊ नको म्हनला व्हता. खिडकीचं काय बोलला न्हाय."

मी रेखाला नाक्यावर धाडली. सांग म्हनले, झालर सुटलीय.

हसनभाय शिडी घेऊन आला, चिडलेला, ओट्यावर कोन बाई उभी हाय म्हनून मान खाली घालून आत शिरला. "सुटंल कशी? माझं माप चुकत न्हाय." तोंडात खिळे धरले, शिडीवर चढला, झालर हातानं चाचपली. झालर घट्ट व्हती. मंग त्याची नजर खाली आली.

खिळे एक एक करून फरशीवर पडले. शिडी हलाया लागली म्हनून मी धरली.

"माप चुकलं माझं," तो म्हनला.

मंग शिडीवरनंच दटावलं, "खिडकीत काय उभी ऱ्हातेस? लोक बघतात. दारातनं ये ना."

आन् लोक बघतच व्हते. समदी आळी रस्त्यावर जमली व्हती, पोरं तर ओट्यावर चढली. मी पेटीतनं जुनं लुगडं काढलं, आन् पोपटांच्या मधली मोकळी जागा झाकून टाकली.