चंपाच्या साखरपुड्याचं गुलाबपाणी

गुलाबपाणी घरी काढणं यात अवघड काय आहे हो? भांडं, नळी आणि डोकं, एवढंच लागतं. तांब्याचा हंडा घरात होता, नळी मी विकत आणली, आणि डोक्याबद्दल मला कधीच शंका नव्हती! लोणावळा स्टेशनात तिकीटखिडकीवर बसणारा माणूस मी, उगाच नाही.

निमित्त होतं आमच्या लेकीच्या, चंपाच्या साखरपुड्याचं. मुलगा वडगाव मावळच्या कचेरीत कारकून. आणि त्याचे वडील श्रीपतराव म्हणजे तालुक्यातले दारूबंदीचे कट्टर प्रचारक! गावोगाव हातभट्टीची मडकी फोडत हिंडणारा माणूस. अशा व्याह्यांच्या अंगावर बाजारचं पाणचट गुलाबपाणी शिंपडायचं? छे!

"अहो, दुकानात बाटली मिळते की," आमची भामाबाई म्हणाली.

"ती बाकीच्यांसाठी!" मी म्हणालो.

तुंगार्लीच्या एका बंगल्यातल्या कोंडू माळ्याकडून पोतंभर पाकळ्या आणल्या. आता त्यांचा वास पाण्यात उतरवायचा कसा? इथं माझं डोकं चाललं! गुलकंद कसा करतात? पाकळ्यांत साखर घालून बरणी उन्हात ठेवतात. जितका मुरेल तितका चांगला. मग गुलाबपाण्याला वेगळा न्याय कशाला? मी पाकळ्या रांजणभर पाण्यात घातल्या, साखर रेशनची म्हणून वर गुळाची अख्खी ढेप फोडून टाकली, आणि रांजण परसात उन्हाला ठेवला.

थोड्याच दिवसांत रांजण फसफसायला लागला!

"बघ, बघ! कसं मुरतंय!" मी ओरडलो. भामाबाई नाकाला पदर लावून आत गेली.

मग सगळं हंड्यात ओतलं, झाकण कणकेनं लिंपलं, नळी गार पाण्याच्या घमेल्यातून फिरवली आणि खाली चूल पेटवली. नळीच्या तोंडाशी थेंब थेंब गळू लागलं. स्फटिकासारखं स्वच्छ! मी हुंगून पाहिलं तर डोळ्यांतून पाणीच आलं. काय तो कडक सुगंध! मी गळ्यात माळ घातलेला, सुपारीचं खांडही न खाणारा माणूस. मला वाटलं, अस्सल गुलाब असाच असणार!

शेजारची अंबूबाई कुंपणावरून डोकावली. "भाऊ, गुलाबपाणी काढताय व्हय?"

"घरचं!"

"काढा, काढा. उरलं तर आमच्या मालकांसाठी वाईच ठिवा," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून खुदकन हसली. मला भारी अभिमान वाटला.

साखरपुड्याला घर पाहुण्यांनी गच्च भरलं. हिरव्या साडीत चंपा पाटावर बसली. बायकांनी ओवाळून तबक तिथंच ठेवलं. मी गुलाबदाणी उचलली आणि आधी श्रीपतरावांकडे वळलो. टोपी, मिशा, सदरा, सगळं चिंब केलं!

"घरचं आहे व्याही! स्वतः काढलंय!"

एवढ्यात चार थेंब निरांजनावर उडाले.

भक्क! निळी ज्वाळ उठली! बायका किंचाळल्या, चंपा पाटावरून उडालीच! गुलाबपाणी पेटतं? अरे देवा, गुलाबपाणी पेटतं?

श्रीपतरावांनी बाही हुंगली. मग ओली मिशी जिभेनं टिपली. क्षणभर डोळे मिटले, आणि मग जे कडाडले!

"ही तर गुळाची हाय! पैल्या धारेची! दारूबंदीच्या मानसाला दारूनं आंघुळ घालता? मोडली सोयरीक! फौजदाराला बोलवा आधी!"

लेकीचं लग्न गेलं, नोकरी गेली, आता हातात बेड्या! तिकडे चंपा हुंदके देऊन रडायला लागली. "अहो, मी आपलं गुलकंदासारखं..." मी चाचरत म्हणालो. पण ऐकतो कोण?

तेवढ्यात विहीणबाई उठल्या. धोंडाबाई एरवी शब्द न बोलणाऱ्या. "थांबा वाईच," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "गुळाची हाय, ह्ये तुमाला कसं कळलं?"

"आगं, मडकी फोडताना वास येतो न्हवं!"

"वास नाकानं घेत्यात. तुमी चाटली! अन् पैल्या धारेची ह्ये बी कळलं? सांजच्याला एकलंच मडकी फोडाया जाता, त्ये ह्यापायी व्हय?"

श्रीपतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली आणि हळूच खाली बसले.

"निवृत्तीराव," ते पडेल आवाजात म्हणाले, "साखर वाटा."

मी अशी धावत साखर वाटली की काय सांगू! सोयरीक वाचली, लेक हसली, बेड्या टळल्या.

पाहुणे गेल्यावर मी भामाबाईला म्हणालो, "तुला तरी वास आला नाही का गं?"

"आला की! रांजण फसफसला तेव्हाच!"

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, मला वाटलं, तुम्ही मुद्दामच काढताय! व्याह्यांची आवड कळली असेल, म्हणून गुलाबाचं निमित्त केलं असेल. त्यांचं काय ते सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे."

"सगळ्या?"

"तुम्ही आणि विहीणबाई सोडून."

म्हणजे अख्ख्या मावळात बावळट दोनच! आणि त्यातल्या विहीणबाई तर आज शहाण्या झाल्या!