जगाचे तालुके केले, त्याची हकीकत

श्रीगजानन समर्थ. ज्याचे कृपेने मुका बोलका होतो आणि दरबारात बोलका मुका होतो, त्यास आधी नमन. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, साहेबांनी पुसिले की, परमुलखीचे लोक आपले वेशीपर्यंत येऊन रिक्तहस्ते का परतले, ते पदरचे न घालता लिहावे; म्हणोन सेवकाने पाहिले तैसे लिहिले, आणि जेथे हसू आले तेथेही लेखणी थांबविली नाही.

एक राज्य होते. तेथील काळी घोंगडी नामांकित, आणि ती विणणारे सणगरांचे बारा माग, आणि त्या मागांची मुख्य हैबतीबाई, वय साठ, हात मऊ आणि जीभ खरखरीत. मुलखात घोंगडे कोणी पुसेना जाहले, तेव्हा महाराजांनी माल परदेशी विकावा ऐसे मनी आणिले आणि महाजालावर संकेतस्थळ उभारविले, की परदेशीयाने घरी बसोन माल पाहावा, दाम भरावा आणि माल त्याचे दारी जावा. मग काय वर्णावे! श्रावणमासी चाळीस हजार परदेशी आले, त्यांनी पाहिले, वाखाणिले, आणि निघोन गेले. घेणारा एकही नाही. महाराज खिन्न जाहले आणि हुकूम फर्माविला की, "दसऱ्यापावेतो एक तरी परदेशी गिऱ्हाईक माल घेईल तर माग राहतील, नाही तर मागशाळा पाडोन तेथे सरकारी गाड्यांचा तळ करावा." 

मग थोर नगरीहून रूपांतरशास्त्री धोंडदेव यांस सन्मानपूर्वक आणविले. पाहणारास घेणारा करावे, ही त्यांची विद्या. शास्त्रीबावांनी प्रथम 'खरेदी करा' हे बटण हिरवे होते ते केशरी केले, आणि मग केशरी होते ते पुन्हा हिरवे केले, आणि मग 'या क्षणी आणखी सतरा जण हेच घोंगडे पाहत आहेत' ऐसी पाटी लाविली, जी मध्यान्ही आणि मध्यरात्री सतराच सांगे. मग उलटे धावणारे घड्याळ लाविले, ते संपले की पुन्हा पहिल्यापासोन धावे. भाद्रपदी येणारे साठ हजार जाहले. घेणारा एकही नाही. महाराजांनी पुसिले, तेव्हा शास्त्रीबावा शांतपणे बोलिले, "फळ पिकते आहे, महाराज. हलवू नये." त्यास्तव शास्त्रीबावांस शालजोडी दिली.

आता खरे कारण ऐसे. खरेदीचे अर्जात 'तालुका' म्हणोन एक रकाना होता, त्यात राज्याचे नऊ तालुके, आणि नवांतील एक निवडिल्याखेरीज बटण दबत नसे. आणि खाली ताकीद लिहिली होती की, खोटा तालुका सांगणारास शासन होईल. परदेशी लोक पापभीरू. ते तेथेच थबकत, आणि कित्येक पत्र लिहून पुसत. परंतु परदेशी पत्रास उत्तर प्रधानमंडळाने एकत्र बैसोनच द्यावे, ऐसा रिवाज, आणि प्रधानमंडळ सणावाराखेरीज एकत्र बैसत नसे. सबब पत्रे मानमरातबाने जाड कागदावर छापून घेत, आणि जागा अडू लागली की घोंगडी बांधावयास मागशाळेत धाडीत.

हैबतीबाईंची सून तानूबाई गावचे शाळेत मास्तरीण. तिने एके दिवशी बांधणीचा कागद वाचिला आणि सासूस हाक मारिली. दुसरे दिवशी दोघी दरबारात उभ्या राहिल्या.

"मुजरा, महाराज," हैबतीबाई बोलिली, "ह्या कागदात घोंगडी बांधायला सांगितली व्हती, पर गिऱ्हाईकच बांधून आलंय. वाच गं तानू."

तानूबाईने वाचिले: 'मी नॉर्वे देशीची इंग्रिड. मेंढ्या राखते. आमचेकडे हिवाळा लौकर येतो. मी चार वेळा घोंगडे मागवू पाहिले. माझा तालुका कोणता, हे कृपा करून कळवावे. मला खोटे लिहिणे नाही.'

दफ्तरदार आबाजीपंत गुत्तीकर उठले. "हा रकाना आमचे आजोबांनी घातला. ज्यास तालुका नाही, त्यास ना शेंडा ना बुडखा. तो मनुष्य खरा कशावरून?"

"पंत," हैबतीबाई बोलिली, "तुमच्या आज्यानं गाढवावरनं माल न्हेला. तुमी मोटारीतनं कशापायी फिरता?"

महाराज हसले आणि बोलिले, "रकाना काढावा." तोच पंतांनी पगडी उतरोन पायांपाशी ठेविली, की रकाना जाईल तर पगडीही जाईल. पेच पडला. तेव्हा शास्त्रीबावा पुढे सरसावले. "रकाना राहो. जगच तालुक्यांत घालू."

मग आठ दिवस दफ्तर राबले आणि अवघी पृथ्वी नऊ तालुक्यांत वाटिली. नॉर्वे थंड, सबब डोंगराकडील वाघदरी तालुक्यास जोडिला. फ्रान्स निंबगावात गेला. ब्राझील मोठा पडला, तो दोघांत विभागिला. न तलवार उपसली, न घोडा दौडला, आणि समुद्रवलयांकित वसुंधरा पदरी आली. तोफा जाहल्या. दसऱ्यास एक दिवस असता इंग्रिडबाईने वाघदरी निवडिली आणि बटण दबले. माग वाचले. शास्त्रीबावांस 'दिग्विजयी' हा किताब आणि गाडी मिळाली.

आणि घोंगडे गेले वाघदरीस. तेथील मामलेदार बोलिले, "बाई आपलेच तालुक्याची रयत. समक्ष येईल, सही करील, घेऊन जाईल." तोवर घोंगडे खुर्चीवर अंथरिले, थंडी होतीच. इंग्रिडबाईने पुसणारे पत्र धाडिले, ते रिवाजाप्रमाणे छापून मागशाळेत बांधावयास आले. हैबतीबाईने ते ऐकिले आणि मागावर बैसली. अकरा दिवसांत दुसरे घोंगडे उतरविले, पूर्वीहून दाट. तानूबाईने पत्रातील पत्ता लिहिला, त्यात तालुका लिहिला नाही, आणि दोघींनी जाऊन ते टपालात दिले. एकविसावे दिवशी फोटो आला: बर्फ, मेंढ्या, आणि बाईचे खांद्यावर काळे घोंगडे. हैबतीबाई बराच वेळ पाहोन बोलिली, "खांद्यावर बरोबर घेतलंय की गं हिनं."

दरबारी याची नोंद नाही. नोंदीस तालुका लागतो.

सारांश, येणारे एक लाख, घेणारी एक, पोहोचविणाऱ्या दोघी. उरला तो दिग्विजय. घडले ते लिहिले. ज्यास खोटे वाटेल, त्याने वाघदरीस जावे. खुर्चीवर घोंगडे अद्याप आहे.