चाळीस हात दोरी

एका जंगलात, बाळांनो, एक बातमी अर्धीच जन्माला आली.

झालं असं, की गोदाक्का वानरीण पाणवठ्यावर गेली होती. पाणी प्यायला नव्हे, पाणी ती घरूनच पिऊन आली होती. कोण कोणाशी काय बोलतंय, ते बघायला गेली होती. तर जांभळीच्या पलीकडून सुंद्राबाई साळुंकीचा आवाज आला.

"...येत्या पुनवेला बाजीबाला अर्जुनाच्या झाडावर लटकवणार! वाघराजांच्या डोळ्यांदेखत! आणि मग त्याचं..."

तेवढ्यात सुंद्राबाईला जांभळीमागून एक लांब शेपटी दिसली. तिनं झटकन चोच मिटली आणि म्हणाली, "ऊन काय तापलंय नाही हल्ली!"

बाजीबा म्हणजे गोदाक्काचा नवरा. ती तेच मनात घोळवत राहिली. मग त्याचं काय? पूर्ण बातमी असती तर निदान मनसोक्त रडता तरी आलं असतं. अर्ध्या बातमीवर धड रडताही येईना.

आता बाजीबाचं काम काय, ते सांगायला हवं. जंगलातल्या वाळक्या फांद्या तो तोडायचा. गेल्या साली असाच एका झाडावरून पडला, पण खाली करवंदीची जाळी होती म्हणून वाचला. गोदाक्का तीन दिवस त्याचे काटे काढत होती. त्या तीन दिवसांत तिनं त्याला जे जे ऐकवलं, त्यापेक्षा काटे बरे, असं तो अजून म्हणतो.

यंदा पाणवठ्यावरच्या अर्जुनाची एक जाडजूड फांदी वाळली होती. वारा आला की करकरायची. सगळं जंगल एक डोळा पाण्यावर आणि एक डोळा फांदीवर ठेवून पाणी पीत होतं. हरणांच्या माना आखडल्या. एक ससा तर भीतीनं पाणीच सोडून नुसत्या काकड्यांवर राहिला.

वाघराजे म्हणाले, "फांदी काढा. पण यंदा बाजीबा पडता कामा नये. त्याच्यासाठी चांगली साधनं निवडा."

झालं! समिती बसली.

समितीत सगळे जमिनीवरचे घेतले, कारण चढणाऱ्यांना कामातून वेळ नसतो. अध्यक्ष झाले दणकटराव गवा. उंचीचा त्यांना एकच अनुभव होता : ते स्वतः उंच होते. दुसरे कासवकाका. ते लहानपणी एका दगडावरून वीतभर खाली पडले होते, आणि त्यावर अजून तासभर बोलू शकत. तिसरे मोरपंत. त्यांना रंगातलं कळायचं.

गोदाक्का तडक समितीपुढे जाऊन उभी राहिली.

"काय हो साहेब, आमच्या ह्यांना लटकवणार म्हणे तुम्ही?"

"छे छे! वाचवणार!" दणकटराव म्हणाले. "ही बघा साधनं."

"ह्यांना विचारलंत का, काय हवं-नको ते?"

"त्याला कशाला विचारायचं? त्याच्यासाठीच तर एवढं चाललंय. उगाच त्याला त्रास!"

गोदाक्कानं साधनं पाहिली. कासवकाकांच्या पसंतीची एक टोपी होती, पाठीसारखी टणक. एक कमरपट्टा होता, मोरपंतांच्या पसंतीचा, निळा, त्यावर जागोजागी राजमुद्रा. पट्टा इतका मोठा की गोदाक्का, बाजीबा आणि सासूबाई मिळून आत मावले असते.

"हा ह्यांच्या अंगात राहायचा नाही," ती म्हणाली.

"असं कसं? मी स्वतः घालून बघितला," दणकटराव म्हणाले. "मलासुद्धा घट्ट होतो! मग त्याला तर पुरून उरेल."

आणि दोरी! दोरी खुद्द दणकटरावांनी निवडली होती. मजबूत, नवीकोरी, वेटोळं ठेवलं तर वर चढून बसावं एवढी.

"किती हात आहे?" गोदाक्कानं विचारलं.

"चाळीस."

"आणि ती फांदी किती उंच?"

"तीस."

गोदाक्का शाळेत फार गेली नव्हती. पण तीस आणि चाळीस तिला येत होते.

"अहो साहेब, दोरी वर बांधणार, ती चाळीस हात. हे पडणार तीस हात. म्हणजे हे आधी खाली पोचतील आणि दोरी मागनं निवांत येईल!"

मोरपंतांनी पिसं खाजवली.

"बाई," दणकटराव गंभीरपणे म्हणाले, "जिवाचा प्रश्न आहे. इथे काटकसर करायची नसते. दहा हात जास्तच असू दे."

"आमच्या वेळी तर दोरीच नव्हती," कासवकाका म्हणाले. "मी पडलो तेव्हा..."

"बरं, ह्यांना टाकायच्या आधी दुसरं काहीतरी टाकून बघा," गोदाक्का घाईनं म्हणाली.

हे सगळ्यांना पटलं. गोदाक्कानं भोपळा आणला, अगदी नवऱ्याच्या वजनाचा. त्यासाठी सकाळी तिनं नवऱ्याला दोनदा उचलून पाहिलं होतं. बाजीबानं भोपळा वर नेला, वेलींनी पट्ट्यात घट्ट आवळला, दोरी फांदीला बांधली आणि दिला सोडून.

धप्प!

भोपळा चहूकडे झाला. एक फोड दणकटरावांच्या शिंगाला लागली.

"बघितलंत?" गोदाक्का ओरडली.

"बघितलं," दणकटराव शिंग पुसत म्हणाले. "भोपळ्यानं टोपी घातली नव्हती."

मग दुसरा भोपळा आला. त्याला टोपी घातली. पुन्हा धप्प! भोपळ्याचं भरीत झालं, पण टोपी टुणकन उडून कासवकाकांच्या पायाशी आली.

"ओरखडासुद्धा नाही!" कासवकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अहवाल लिहिला गेला : साधनं उत्तम. दोन्ही भोपळे अप्रशिक्षित.

पुनव दुसऱ्या दिवशीच होती. बाजीबा घरी आला.

"अहो, तुम्ही चढूच नका!"

"अगं, फांदी पडली तर खाली पोरंबाळं पाणी पितात. आणि राजाचा हुकूम आहे, ही साधनं घातल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही."

गोदाक्का विचारात पडली. दणकटरावांना चूक दाखवून पाहिली, त्यानं काही झालं नाही. दोन भोपळे गेले, त्यानंही काही झालं नाही. मग तिला आठवलं, साहेबांना राग कशाचा येतो? चुकीचा नाही येत. घाणीचा येतो. शिंगाला फोड लागली तेव्हा कसे पुसत होते!

सकाळी सगळं जंगल अर्जुनाखाली जमलं. वाघराजे खडकावर बसले. गोदाक्का पदर सावरून, म्हणजे शेपटी सावरून, पुढे झाली.

"साहेब, एवढी देखणी दोरी. खाली मातीत लोळणार. राजांसमोर बरं दिसेल का?"

दणकटराव दचकले. "अरेच्चा! मग?"

"मी म्हणते, वर फांदीलाच गुंडाळून टाकावी. दोन हात तेवढी मोकळी ठेवावी. म्हणजे मळणार नाही."

"गुंडाळा! गुंडाळा!" दणकटराव म्हणाले. "किती समजूतदार बाई आहे!"

"आणि पंत, तो पट्टा कमरेलाच बांधला तर राजमुद्रा एकाच बाजूनं दिसणार. मांड्यांतून घेऊन खांद्यांवरून फिरवला तर?"

"चहूबाजूंनी दिसेल!" मोरपंत नाचायलाच लागले.

बाजीबाला तिनं असं गुंडाळलं की तो भेटीच्या पुडक्यासारखा दिसायला लागला. वर चढून त्यानं दोरी जाडजूड, जिवंत फांदीला गुंडाळली. दोन हात मोकळी ठेवून तिचं टोक पट्ट्याला बांधलं. मग वाळक्या फांदीवर घाव घालायला लागला.

कड्ड! फांदी गेली. धबाल्‌ करून पाण्यात पडली. पण जाता जाता बाजीबाच्या पायाखालचा फाटाही घेऊन गेली.

गोदाक्कानं डोळे मिटले. कानही मिटले. धप्प ऐकायचं नव्हतं तिला.

धप्प झालंच नाही.

तिनं एक डोळा उघडला. बाजीबा वर हवेत झोके खात होता. टोपी नाकावर आली होती.

"अगं, मी मेलो का?"

"नाही! आणि खाली आल्याशिवाय मरायचंही नाही, सांगून ठेवते!"

हरणांनी कित्येक दिवसांनी माना सरळ केल्या. वाघराजांनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या तिथे समितीचा सत्कार झाला. दणकटराव हार घालून म्हणाले, "चाळीस हात दोरीची ही करामत आहे. पुढच्या खेपेला साठ हात घेऊ!" आणि समितीची पूर्वपरवानगी न घेता लटकल्याबद्दल बाजीबाकडे लेखी खुलासा मागण्यात आला.

परतताना सुंद्राबाई आडवी आली. "काय गं गोदे, मी म्हटलं नव्हतं, पुनवेला लटकवणार म्हणून? राजाच्या डोळ्यांदेखत!"

"म्हणालीस खरी. पण पुढे 'आणि मग त्याचं' काय होतं गं?"

सुंद्राबाईनं चोचीनं पंख साफ केल्यासारखं केलं. "तेरावं," ती हळूच म्हणाली. "मी जेवायला येणारच होते."

"अर्धी खरी ठरली ना? मग तेवढ्यावरच पोट भर," गोदाक्का म्हणाली, आणि खुलासा लिहिता येणारं कोणी सापडतंय का ते बघायला निघाली.

तात्पर्य : बाळांनो, साहेबांना कधीही चूक दाखवू नये, त्यानं दोरी आणखी लांब होते. बरोबर गोष्ट करून घ्यायची असेल, तर तिच्यासाठी एखादं छानसं चुकीचं कारण शोधून न्यावं.