सबूतवाले सर

गायकवाड सरांना मी पहिल्या दिवशी म्हणलं, "सर, मी नवीन मदतनीस." सर म्हणले, "सबूत काय?"

मला वाटलं गंमत करायलेत. कशाची गंमत! माझी ऑर्डर दोनदा वाचली, उजेडात धरून शिक्का बघितला, मग बसा म्हणले. स्वतः मात्र भिंतीला पाठ लावून. मोकळ्या जागेत सर बसायचेच नाहीत.

सर रिटायर मास्तर, एकटेच राहायचे. परभणीच्या आमच्या दवाखान्यात पुण्याच्या एका डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया किती आहे ते मोजायची इंग्रजी प्रश्नावली मराठीत करायला घेतली होती. भाषांतर सरांचं. आता ती मराठीत नीट मोजते का, ते बघायचं. म्हणून एकाच पेशंटला आमी दोघं ऐकायचो आणि वेगवेगळे मार्क टाकायचो. जुळले तर प्रश्न पास!

मार्क टाकताना सर कागदावर कोपर आडवं धरायचे. मी कॉपी करीन म्हणून! चहा आला की पहिला घोट चहावाल्याला. तो म्हणायचा, "गुरुजी, तुमच्यापायी मला पित्त झालंय!" डॉक्टर हसून म्हणायचे, "संशयाच्या प्रश्नाला आपला घरचाच पेशंट आहे."

तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस. सोनपेठकडच्या एका खेड्यातल्या द्वारकाबाईंना त्यांच्या गंगाखेडच्या भावानं आणलं. दोन दिवसांपूर्वी त्या एकट्याच त्याच्या दारात आलेल्या. त्या सांगत होत्या त्यातलं खरं-खोटं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी प्रश्न वाचला, "लोक तुमच्या वाईटावर आहेत असं वाटतं का?"

"वाटतं कशाला? हायेत की! जाता-येता म्हणत्यात, तुमची घरं पेटवून देऊ."

जेवण नाही, झोप नाही, नजर सारखी दाराकडं. मी दणकन सहा मार्क टाकले. सगळ्यात जास्त! सरांचा रकाना कोराच.

डॉक्टर म्हणाले, "सहा म्हणजे वेड्यांच्या मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल. सोमवारी चिठ्ठी देतो. सर, तुमचे मार्क?"

"सबूत न्हाई."

"कशाचा?"

"बाई खोटं बोलायली, याचा."

रविवारी सर सोनपेठची एसटी धरून गेले. सोमवारी आले ते धुळीनं माखलेले. "बाईंच्या घराचं दार अर्धं जळालंय. शेजारची दोन घरं तर पार गेली." मग त्यांनी रकान्यात शून्य टाकलं आणि प्रश्नाखाली लिहिलं, 'मार्क टाकायच्या आधी गावात जाऊन बघा.'

डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली. झोपेची गोळी दिली आणि भावाला सांगितलं, बहिणीला गंगाखेडलाच ठेवा.

मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणलं, "सर, मला खरंच तो भास वाटला हो. तुमाला कसं कळलं?"

सरांनी कागदाची घडी घातली.

"आमचं घर जाळलं ना, त्याच्या आधी तीन दिवस आई हेच सांगायली व्हती. मी शिकलेला. म्हणलं, आई, तुला भास व्हायलेत, झोप. आन् मी परभणीची गाडी धरली."