मेश्रामकाकांची खालची पट्टी

शहराच्या कडेला बेसा भागातल्या आमच्या इमारतीत नवा माणूस भेटला, की लोक त्याचं नाव विचारतात, गाव विचारतात. मेश्रामकाका विचारायचे, "तुमच्या ऑफिसातल्या जुन्या कम्प्युटरच्या पडद्यावरची खालची पट्टी कोणत्या रंगाची होती?"

तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले एकदा चुकून "करडी" म्हणाले. काकांनी त्यांना लिफ्टमध्येच धरलं. "करडी कशी? राखेसारखी का ओल्या सिमेंटसारखी?" त्या दिवसापासून बँकवाले गुडघे दुखत असूनही जिन्याने जायला लागले.

काका शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्तीनंतर नंदनवन वस्तीतलं घर सोडून इकडे आलेले. मी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो, म्हणजे मला पळायला जिनाही नव्हता. त्यांच्या जुन्या संगणकावर मीच लिनक्स टाकून दिलं होतं. ही सिस्टिम फुकट मिळते आणि तिचा चेहरा आपल्याला निवडता येतो. पडद्यावर बटणं कुठे, पट्टी कुठे, खिडक्या कशा उघडणार, हा सगळा संसार म्हणजे डेस्कटॉप. असे बरेच मिळतात, प्रत्येकाचं नाव वेगळं. लोक त्यातला एक घेतात आणि कामाला लागतात. काका निवडतच राहिले.

दर आठवड्याला ते संगणकाचा डबा चादरीत बांधून, धुण्याच्या गाठोड्यासारखा पाठीवर टाकून दुकानात यायचे.

"गनोम पाहिलं गा. त्याच्यात खाली पट्टीच नाही. बिनपायाच्या टेबलावानी वाटते."

"मग प्लाझ्मा?"

"लय देखणं आहे. नवरीवानी. मले देखणं नको."

सिनॅमन झालं, मेट झालं. निकाल ठरलेला असायचा. "जवळ आहे, पण ते नाही." शेवटी गाडी एक्सएफसीईवर थांबली, कारण त्याला हवं तसं वाकवता येतं. मग कचऱ्याच्या बादलीचं चित्र डावीकडे, वरून तिसरं. मग मागचा निळा-हिरवा रंग. त्यात चिमूटभर निळा जास्त झाला म्हणून काका दोनदा परत आले.

मी एकदा वैतागून विचारलं, "काका, याच्यावर तुम्ही करता तरी काय?"

"मी?" ते गाठोडं बांधत म्हणाले. "मी काहीच नाही करत."

इमारतीत कुजबुज होती. काकांच्या घरी कोणाला प्रवेश नव्हता. काकू कधी दिसत नसत. दाराला आतून कुलूप असतं, असं चौकीदार सांगायचा. काही लोकांनी त्यावरून नको ते तर्कही केले होते. मीही ते ऐकून घेतले होते.

मार्चमधल्या एका सकाळी काका बनियनवर माझ्या दारात उभे राहिले. पाठीवर गाठोडं नव्हतं.

"चाल गा लवकर. स्क्रीन काळी झाली."

"काय केलं तुम्ही?"

"त्या प्लाझ्मात अक्षरं मोठी दिसतात म्हणून पुन्हा टाकून पाहून राहिलो होतो. मधातच लाइन गेली. आता लाइन आली, पण काहीच दिसत नाही."

"डबा आणा. दुपारी बघतो."

"दुपारी नाही जमत. तिच्या ऑफिसची वेळ होऊन राहिली."

कोणाचं ऑफिस, हे विचारायला त्यांनी वेळच दिला नाही. घरात शिरलो तसं काकांनी मागे कुलूप लावलं आणि किल्ली पायजम्याच्या खिशात टाकली. समोर खिडकीशी सरकारी छापाचं लोखंडी टेबल, त्यावर फायलींचा गठ्ठा आणि हाताने वाजवायची घंटी. टेबलापाशी काकू उभ्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, खांद्यावर पर्स, नजर काळ्या पडद्यावर.

"माझं मशीन कोणी बदललं?"

"मॅडम, दुरुस्ती चालू आहे," काका म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आतच राहिलं.

"हे माझं ऑफिस नाही. मले जाऊ द्या. साहेब वाट पाहत असतील." काकू दाराकडे गेल्या आणि कुलूप हलवायला लागल्या. आधी हळू, मग दोन्ही हातांनी. "तुम्ही कोण आहे? काहून कोंडून ठेवलं मले?"

काका दाराला पाठ लावून उभे राहिले. काकूंच्या पर्सचे फटके त्यांच्या दंडावर बसत होते. तसेच ते माझ्याशी बोलत होते, आवाज न चढवता.

"मागच्या महिन्यात अशीच निघून गेली. रिंग रोडच्या मधोमध उभी होती, ट्रकवाल्याले विचारत होती, सिव्हिल लाइन्सची बस कुठून मिळते म्हणून. सारी नोकरी तिथं झाली तिची. आता सगळं पुसून चाललं, मी पण. फक्त तो जुना पडदा ओळखते. तो दिसला की बसते. तू कर गा, हात चालव."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची ओळ आणली. त्या ओळीने पासवर्ड मागितला.

"कुसुममॅडम. सगळं जोडून," काका दारातून म्हणाले.

पहिल्यांदा माझी बोटं चुकली. दुसऱ्यांदा उघडलं. अर्धवट बसलेलं प्लाझ्मा उपटून काढलं, जुनं एक्सएफसीई पुन्हा चालू केलं. मागे कुलपाचा खडखडाट वाढत चालला होता. रंग उमटले. काकू वळल्या, जवळ आल्या, वाकून पाहिलं.

"हे माझं नाही." त्या परत दाराकडे निघाल्या.

पट्टी वर आली होती. मी ती ओढून खाली नेली, करडी केली, बादली तिसऱ्या जागी ठेवली. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

काकू थांबल्या. आल्या. बराच वेळ पाहिलं. मग पर्स ड्रॉवरमध्ये टाकली, खुर्ची ओढली आणि टाइप करायला लागल्या. बोटं भराभर चालत होती. पडद्यावर नुसती अक्षरं उमटत होती, कुठलाच शब्द होत नव्हता.

काका आत गेले. मला वाटलं, जरा पडतील. ते शर्ट घालून, केस विंचरून आले आणि टेबलासमोर हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं?"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "नाव?"

"प्रभाकर मेश्राम."

"कुठले?"

"नंदनवन."

काकू क्षणभर थांबल्या.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत. उद्या या." मग त्यांच्या दंडाकडे पाहून म्हणाल्या, "लागलं काय तुम्हाले? उन्हाचे आले. बसा थोडं." आणि आपला पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

"जी मॅडम," म्हणून काका समोरच्या खुर्चीत बसले. पाणी घोटघोट प्यायले. पेला रिकामा झाल्यावरही तो हातात धरून बसून राहिले.