चेन का झिजली याचा खुलासा

जपानमधल्या शिओझाका नगर कार्यालयाच्या ज्येष्ठ नागरिक साहाय्य विभागात मी एकोणीस वर्षं लेखनिक आहे. या काळात विभागाकडे दोन ओळींचा अर्ज एकदाच आला. तो इगारी तोमोएसान यांचा होता. इगारीसान घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालतात, जेवण गरम करून देतात, औषधं घेतली की नाही ते बघतात. वय चोपन्न. त्यांच्याकडची अकराही घरं डोंगराच्या अंगावर आहेत, कारण आमच्या गावात सपाट जागा दोनच : एक बंदर आणि दुसरं नगर कार्यालयाचं वाहनतळ. अर्जात लिहिलं होतं, "साध्या सायकलवर आता चढ होत नाही. विजेची सायकल मिळावी."

विभागप्रमुख मिनाकुचीसाहेबांनी तो दोनदा वाचला, मग उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली.

"बाकीचं कुठंय?"

"एवढंच आहे, साहेब."

"मोटर कुठल्या प्रकारची, ते लिहिलेलं नाही. काजितानी, असा अर्ज मी वर कसा पाठवू?"

मी इगारीसानना बोलावून घेतलं आणि समजावलं की मोटर दोन प्रकारची असते. एक पुढच्या चाकाच्या पोटात बसते आणि थेट चाक फिरवते. दुसरी पेडलांपाशी बसते आणि चेन ओढते. यातली कुठली हवी?

"जी चढेल ती," इगारीसान म्हणाल्या.

अर्जाच्या नमुन्यात असा रकाना नव्हता. म्हणून समिती नेमली गेली. तिचं नाव 'विद्युत-साहाय्यित सायकल मोटर-प्रकार व चेन-झीज तुलनात्मक अभ्यास समिती'. सभासद नऊ. त्यातल्या सहा जणांनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता आणि तिघांना ती येतच नव्हती, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न उरला नाही. बारा बैठका मंजूर झाल्या. कार्यवाह मी.

पहिल्या बैठकीला तज्ज्ञ म्हणून बंदराजवळचे सायकल दुरुस्तीवाले सोरिमाचीकाका आले. हात पुसत पुसतच ते बोलायला लागले. "पुढच्या चाकात मोटर असली की चेनवर फक्त तुमच्या पायांचा जोर येतो, म्हणून चेन टिकते. पण आपल्याकडच्या चढावर ती मोटर तापते आणि हात टेकते. पेडलांपाशी मोटर असली की माणसाचा आणि मोटरचा, दोघांचा जोर चेनवर. ती झपाझप चढते, पण चेन लवकर लांबते, चक्रीचे दाते खाल्ले जातात. मग काय, चेन बदलायची, चक्री बदलायची. अर्ध्या तासाचं काम. तुमच्याकडे चढ आहे ना? मग पेडलवाली घ्या."

बोलायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. अकरा बैठका शिल्लक होत्या.

मिनाकुचीसाहेबांनी घसा साफ केला. "सोरिमाचीसान, हे तुमचं मत झालं. याला आधार काय?"

"चाळीस वर्षं चेनी बदलतोय, साहेब."

"म्हणजे लेखी काहीच नाही." साहेब माझ्याकडे वळले. "लिहा. तज्ज्ञांनी विषयाचं महत्त्व अधोरेखित केलं."

काकांना चहा आणि तांदळाचं बिस्किट देऊन सन्मानानं निरोप देण्यात आला.

पुढच्या महिन्यात दोन्ही प्रकारची एकेक सायकल चाचणीसाठी आली. दोन्ही सारख्याच हिरव्या. चाचणी निर्दोष व्हायची तर रस्ता सारखा हवा, म्हणून डोंगर बाद झाला; डोंगरावर कुठलीही दोन वळणं सारखी नाहीत. उरलं वाहनतळ. इगारीसाननी सकाळी साध्या सायकलवर अकरा घरं करायची आणि दुपारी तीन ते चार वाहनतळात गोल गोल फिरायचं, एक दिवस एक सायकल, दुसऱ्या दिवशी दुसरी. एकदा पेडलवालीच्या पाळीला पाऊस आला. चाकवालीवर अन्याय नको म्हणून दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात मी झारी घेऊन इगारीसानच्या मागे पळालो. वेधशाळेनं चार मिलिमीटर सांगितला होता, तेवढाच पाडला.

"काजितानीसान," त्या पुढे बघूनच म्हणाल्या, "थोडा डोक्यावर कमी पाडा ना. वर ओकिनोआजींकडे जायचंय अजून, कपडे बदलायला वेळ नाही."

"वाऱ्याची दिशा बघावी लागते, इगारीसान."

दोन महिन्यांनी मी चेन मोजायच्या पट्टीनं मोजमाप घेतलं. दोन्ही चेनी नव्या कोऱ्या. समितीत निराशा पसरली. झीजच नाही तर तुलना कशाची? सपाटीवर जोर लागत नाही, जोर नाही तर झीज नाही, असं तीन बैठकांच्या चर्चेनंतर निष्पन्न झालं. चढ पाहिजे, यावर एकमत झालं. कार्यालयाच्या मागच्याच दारापासून चढ सुरू होतो, पण तो रस्ते विभागाच्या अखत्यारीत येतो. परवानगी यायला शरद ऋतू उजाडला. रस्ते विभागानं विचारलं होतं की चढ वापरून झाल्यावर परत मिळेल ना.

त्यानंतर मात्र काम वेगानं झालं. इगारीसान पेडलवाली सायकल घेऊन सकाळीच डोंगरावर जाऊ लागल्या. जेवायच्या वेळेपर्यंत अकरा घरं होऊ लागली. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. ओकिनोआजींना तर आंघोळीनंतर पाठ चोळूनही मिळू लागली. ओकिनोआजी एक्क्याण्णव वर्षांच्या आणि डोंगराच्या अगदी टोकाला राहतात. चाकवाली सायकल मात्र दुसऱ्याच वळणावर तापून बंद पडली आणि इगारीसाननी ती पुन्हा वर नेली नाही.

सहा आठवड्यांनी मी पट्टी लावली. चाकवालीची झीज शून्य. पेडलवालीची चेन पाव टक्का लांबली होती.

मी हा आकडा आनंदानं समितीपुढे ठेवला. अभ्यासाला अखेर निष्कर्ष आला होता. पण मालमत्ता विभागाच्या प्रतिनिधी बाई एकदम सरसावून बसल्या.

"पाव टक्का? सरकारी वस्तूची?"

"झीज मोजायलाच घेतली होती ना, बाई," मी म्हणालो.

"मोजायला घेतली होती. करायला कुणी सांगितली?"

इगारीसानना नोटीस गेली : 'आपल्या ताब्यातील सायकलची चेन का झिजली, याचा खुलासा सात दिवसांत करावा.' उत्तर त्याच दिवशी आलं. 'चालवली म्हणून.'

"कबुली आहे ही," मिनाकुचीसाहेब हळहळले. माणूस वाईट नाही. "काजितानी, इगारीसानना सांभाळून घ्यायला हवं. असं करू. सायकल वापरायची, पण चेन झिजणार नाही अशा पद्धतीनं. काढा आदेश."

सायकलची मोटर पेडल मारलं तरच चालते आणि पेडल मारलं की चेन फिरते. त्यामुळे चेन न झिजवता सायकल वर नेण्याची एकच पद्धत उरत होती. दुसऱ्या दिवसापासून इगारीसान अठ्ठावीस किलोची विजेची सायकल ढकलत डोंगर चढू लागल्या. वाटेतल्या खिडक्यांतून म्हातारी माणसं विचारपूस करत. "अगं तोमोए, बरं नाही का तिला?" इगारीसान सांगायच्या, "बरी आहे हो. हवापालटाला चाललीय."

साधी सायकल नेण्याचीही सोय नव्हती. ती चढावरची चाचणी सुरू झाली तेव्हाच नोंदीतून कमी केली होती. ढकलण्यात वेळ जाई. अकराऐवजी आठच घरं होऊ लागली. सर्वांत वरची तीन घरं आठवड्याआड करण्याचा आदेश निघाला, तोही माझ्याच हातून. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"काजितानी का? मी ओकिनो. माझी गुरुवारची आंघोळ काढून घेतलीस म्हणे?"

"काढून नाही घेतली, आजी. एका गुरुवारी आहे, एका गुरुवारी नाही."

"मी एक्क्याण्णव वर्षांची आहे रे. माझ्याकडे गुरुवार काय पोत्यानं आहेत का?"

"चेनचा प्रश्न आहे, आजी. ती झिजते."

"मीही झिजलेय. मला कुणी विचारलं नाही का म्हणून."

फोन ठेवल्यावर मला काम सुचेना. मी मालमत्ता नियमांची चोपडी काढली आणि पहिल्यापासून वाचू लागलो. एकोणीस वर्षांत मी ती पहिल्यांदाच वाचत होतो. कलम सत्तेचाळीसमध्ये म्हटलं होतं : झीज पाऊण टक्क्याहून कमी असल्यास वापरणाऱ्यानं खुलासा द्यावा. झीज पाऊण टक्का किंवा जास्त असल्यास वस्तू निकामी समजून नोंदीतून वगळावी, आणि जो कुणी ती उचलून नेईल त्याला द्यावी. मी ते तीन वेळा वाचलं. थोडी झीज हा गुन्हा होता. पुरती झीज झाली तर कुणाला काही विचारायचंच नव्हतं.

संध्याकाळी इगारीसान सायकल जमा करायला आल्या तेव्हा मी ते कलम मोठ्यानं वाचायला घेतलं. त्यांना उद्देशून नाही. उच्चार सुधारण्यासाठी.

त्या दारात थांबल्या. "पुन्हा वाचा बरं एकदा."

मी वाचलं.

"आणि पुढचं मोजमाप कधी?"

"तीन महिन्यांनी. तोवर मी त्या सायकलकडे बघणारही नाही. मोजमापाच्या आधी बघितलं तर निष्पक्षता राहत नाही."

इगारीसान त्याच पावली सोरिमाचीकाकांकडे गेल्या. मीही मागोमाग गेलो, माझ्या स्वतःच्या सायकलची घंटी बघून घ्यायला. चेन लवकरात लवकर कशी झिजवावी, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकांच्या हातून पाना खाली पडला.

"चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, तेल घाला, पुसून ठेवा, चढावर हलका गिअर घ्या. आणि आता हे?"

"ओकिनोआजींच्या आंघोळीचा प्रश्न आहे, काका."

काकांनी डोळे मिटले. "तेल घालू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "पुसू नका. समुद्राकडच्या रस्त्यानं जा, वाळू आणि खारा वारा दोन्ही मिळतात. चढावर तिसऱ्याच गिअरवर राहा आणि पेडलवर उभं राहून जोर द्या. सामान भरपूर ठेवा. देवा, हे माझ्या तोंडून वदवून घेतलंत."

त्या हिवाळ्यात आमच्या डोंगरावर जे घडलं त्याला मी साक्षीदार नाही, कारण मी तिकडे बघत नव्हतो. पण ऐकू येत होतं. कोरड्या चेनचा किरकिराट सकाळी खालून वर जायचा आणि दुपारी वरून खाली यायचा. अकराही घरांनी हातभार लावला. कुणी तांदळाचं पोतं द्यायचं आणि सांगायचं, "हे तिसऱ्या घरी पोहोचव." तिसऱ्या घरचे लोक तेच पोतं सातव्या घरी पाठवायचे. ओकिनोआजी दर गुरुवारी आंघोळ करून बसल्या की मीठ घालून ठेवलेल्या मुळ्यांचं एक पिंप वर मागवायच्या आणि दुसरं खाली पाठवायच्या. म्हातारी माणसं इतकी हसताना गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिली नव्हती.

मार्चमध्ये मी पट्टी लावली. ती चेनमध्ये सरळ आत गेली. पाऊण टक्क्याच्याही पुढे. मागच्या चक्रीचे दाते करवतीसारखे झाले होते. मी अत्यंत गंभीर चेहऱ्यानं निकामी असा शिक्का मारला आणि जो कुणी उचलून नेईल त्यानं पुढे यावं, अशी सूचना फलकावर लावली. फलकासमोर इगारीसान आधीच उभ्या होत्या.

सोरिमाचीकाकांनी चेन आणि चक्री बदलली. अर्धा तास लागला. मग त्यांनी तेलाची बाटली घेतली आणि चेनच्या एकेका कडीवर थेंब थेंब सोडत राहिले. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. बहुधा माफी मागत असावेत.

तीच सायकल इगारीसान आज चालवतात. अकराही घरं होतात, आणि दुपारी चहालाही वेळ उरतो.

समितीचा अहवालही वेळेवर आला. दोनशे चाळीस पानं. निष्कर्ष असा : पेडलवाल्या सायकलची चेन वर्षभरात निकामी झाली, चाकवालीची झीज शून्य, सबब चाकवाल्या सहा सायकली घ्याव्यात. त्या आल्या. इतर पाच मदतनीस बायकांनी त्या एकदा वर नेऊन पाहिल्या. दुसऱ्या वळणावर मोटरी तापल्या तेव्हा खाली आणून कार्यालयाच्या दालनात सहाही रांगेत उभ्या केल्या. बायका आता पायी जातात. त्यांचं सामान इगारीसान आपल्या सायकलवरून वर नेऊन ठेवतात.

पण त्या सहा चेनींसारख्या चेनी आख्ख्या प्रांतात नाहीत. आरशासारख्या आहेत. शेजारच्या गावांची शिष्टमंडळं बघायला येतात, कापडी मोजे घालून रांगेनं फिरतात. मिनाकुचीसाहेबांना बढती मिळाली. यंदापासून आम्ही नागरिकांसाठीही 'शून्य झीज सन्मान' सुरू केला आहे. वस्तू कुठल्या कामाची, याची अट नाही, फक्त ती वापरून झिजलेली नसावी. पहिल्याच आठवड्यात आठशे अर्ज आले. जिन्याखालच्या सायकली, कपडे वाळत घातलेली व्यायामाची यंत्रं, पाहुण्यांसाठी राखलेल्या बशा, पान न उलटलेली पुस्तकं. मी सगळ्यांची मोजमापं घेतली. सगळे पात्र ठरले.

स्पर्धा परदेशी अर्जदारांनाही खुली आहे. तुम्ही इतका वेळ आमच्या समितीला हसलात, म्हणजे तुम्हाला विषयात रस आहे. तेव्हा उठा आणि घरात एकदा नजर फिरवा. अर्जाचा नमुना मी पाठवतो. भरायला फार वेळ लागणार नाही. झिजेचा रकाना आम्ही आधीच भरून ठेवला आहे.