आकडा शंभराच्या आत

उशा विकणाऱ्या वेबसाइटचा सेल सकाळी सुरू झाला आणि इंजिनियर सारखा घड्याळाकडे बघू लागला. दुपारी बायकोला घेऊन तिच्या माहेरी जायचं होतं. हा बेत आधी तीनदा ठरला होता आणि तिन्ही वेळा ऐन वेळी वेबसाइट बसल्यामुळे मोडला होता. या खेपेला मॅनेजरने रजा दिली खरी, पण आकडा शंभराच्या आत राहिला तरच, या अटीवर.

आकडा म्हणजे डेटाबेसची चालू कनेक्शन्स. माल आहे का, भाव काय, हे विचारायला प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक कनेक्शन लागे. डेटाबेस एका वेळी शंभरांशीच बोले, त्यावर एक जरी आला तरी सगळंच ठप्प. त्यावर नजर ठेवायला इंजिनियरने एक पान तयार केलं होतं. उघडलं की आकडा ठळक दिसे.

मॅनेजरला ते पान भलतंच आवडलं.

"बावीस! गिऱ्हाईक यायला लागलं रे!" असं म्हणत त्याने ते फोनवर उघडलं, मग टॅबवर, मग भिंतीवरच्या टीव्हीवर. हिशेबनीस बाईंना पाठवलं, गोदामात पाठवलं.

"साठ!"

"साहेब, जरा फारच भराभर चढतोय."

"चढू दे की! सगळ्या शाखांना कळव, म्हणावं डोळ्यांत तेल घालून बघा."

शाखांनी सांगितलेलं ऐकलं, हेच मुळात नवल. आकडा ऐंशीवर गेला. मॅनेजरने मालकांना फोन करून सेलचं तोंड भरून कौतुक केलं. मालक म्हणाले, संध्याकाळी स्वतः बघायला येतो. तोवर आकडा शहाण्णव झाला होता आणि घाबरून जो तो आणखी एका खिडकीत पान उघडत होता.

"रजा विसर," मॅनेजर म्हणाला.

रजेचं नाव निघताच इंजिनियरने ही कनेक्शन्स आहेत तरी कुणाची, ते तपासलं आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, ही गिऱ्हाइकं नाहीत. आपणच आहोत."

"म्हणजे?"

"आकडा विचारायलाही डेटाबेसशी बोलावं लागतं ना! प्रत्येक उघडं पान एक कनेक्शन अडवून बसतं. मी ते माझ्या एकट्यापुरतं केलं होतं."

"बंद करा रे सगळे!" मॅनेजर ओरडला.

टीव्ही सोडून सगळं बंद झालं. आकडा घसरत घसरत पाचावर थांबला.

"एक हा टीव्ही," मॅनेजरने घाम पुसला. "बाकीचे चार तरी खरे असतील ना?"

इतक्यात इंजिनियरचा फोन वाजला. बायकोचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला.

"अरे, एकदम पाच! मिळाली ना रजा? तू पान पाठवल्यापासून मी, आई, बाबा, दादा, सगळे फोन धरून बसलोय!"

मॅनेजरने टीव्हीवरच्या पाचाकडे एकदा पाहिलं. मग त्याने इंजिनियरच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा तू. रजा मंजूर. फक्त मला सांग, सासरकडचं तुझं गणगोत एकूण किती? आणि फोन आहेत ना सगळ्यांकडे? मालक संध्याकाळी येतायत."